उत्तरेच्या भिंतीतले तारे

५ ऑक्टोबर, सकाळ
सांस्कृतिक केंद्राच्या नूतनीकरणाचं काम आमच्या ऑफिसला मिळालं. दर्शनी भिंतीत मी दगडी जाळी योजली आहे. जुन्या मशिदी-महालांतली ताऱ्यांची गुंफण, पण आजच्या हाताची. ऊन शिरलं की फरशीवर ताऱ्यांचा गालिचा! उद्घाटनाच्या शिळेवर ‘संकल्पना’ या शब्दापुढे माझं नाव कोरणार. मेहुणा भागीदार असूनही खूश दिसला.

२० ऑक्टोबर
मॉडेलवर टेबललॅम्प धरून केंद्राच्या समितीला तारे दाखवले. अध्यक्षबाईंचे डोळे पाणावले. मेहुण्याच्या मते सर्दी.

४ नोव्हेंबर
मेहुणा विचारतो, भाऊजी, दर्शनी भिंत उत्तरेला आहे, ऊन येणार कुठून? शंकासुर! म्हटलं, लॅम्पचं आलं होतं ना? संकल्प: यापुढे त्याच्याशी अबोला.

५ नोव्हेंबर
बोललो. माझा डबा त्याच्या गाडीत राहिला होता.

११ डिसेंबर, दुपार
साइटवर जाळीच्या रिकाम्या चौकटीसमोर उन्हाची वाट पाहिली. ढग असावेत.

१२ डिसेंबर
ढग नव्हते. ऋतूच चुकीचा.

९ जानेवारी
विश्वासघात! जाळी मागच्या, दक्षिणेच्या भिंतीत बसवली. मेहुण्याने समितीची संमती परस्पर घेतली. बायकोला सगळं ठाऊक होतं. म्हणते, तुम्ही ऐकलं असतंत का? घरभेदी भावंडं! समितीला तडक कळवलं: या विटंबनेला माझं नाव लावू नये. आता येतील हातापाया पडत.

१६ जानेवारी
मेहुणा येऊन गेला. नाव राहू द्या म्हणाला. आवाजात पुरेशी आर्तता नव्हती. नकार दिला.

२० जानेवारी
समिती संकोचत असणार. फोन उशाशी ठेवला आहे.

२ फेब्रुवारी, सकाळ
उद्घाटनाला जाणार नाही.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
गेलो. शर्टाला इस्त्री झालेली होती, वाया कशाला घालवा.
दक्षिणेच्या दालनात फरशीभर तारे. लॅम्पपेक्षा सरस, हे फक्त इथे लिहितो. लोक चपला काढून कडेकडेने चालत होते, कुणी सांगितलेलं नसताना. शिळेवर एकट्या मेहुण्याचं नाव. तुम्हीच कळवलं होतंत ना भाऊजी, म्हणाला. खरोखर कानकोंडा झाला होता, तेच जास्त लागलं.
दालनाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. फोटो काढणारी एक मुलगी म्हणाली, काका, जरा सरकता का? ताऱ्यांवर तुमची सावली पडतेय.
सरकलो.