तिसऱ्या चौकातला ढोल

मी, कुसुम श्यामकांत खांबेटे, वय वर्षे बहात्तर, राहणार बॉबलिंगेन, जर्मनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा हवा असल्यास शाळेच्या बँडने पहिल्या मिरवणुकीत वाजवलेल्या चारही चाली मी आत्ता टेबलावर वाजवून दाखवते. समोर बसलेली माझी नात उर्जा मान हलवून नको म्हणते आहे.

नोटार, म्हणजे इथले नोटरी, म्हणाले की इथल्या कायद्याप्रमाणे सगळे स्वहस्ते लिहिले की झाले, साक्षीदार लागत नाहीत. त्यांना लागत नसतील. सांगलीला आमच्याकडे भाड्याची सायकल घ्यायलासुद्धा ओळखीचा माणूस लागायचा, तेव्हा मी दोन साक्षीदार घेणारच. मराठी वाचण्याची अडचण कोर्टाने आपली आपण सोडवावी.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक चिरंजीव मल्हार व सूनबाई ईप्सिता यांना समसमान द्यावी. पोळपाट-लाटणे मात्र एकट्या मल्हारला. त्याने आता शिकावे.

कलम २. खालच्या मजल्यावरचे शेजारी जिना धुण्याच्या पाळीची पाटी माझ्या दाराला नेहमी दोन दिवस आधीच अडकवतात. त्यांना माझा झाडू, बादली आणि पुढच्या सगळ्या पाळ्या.

कलम ३. मोठा ढोल. हा ढोल माझा नाही, शाळेचा आहे. परंतु तो अकरा वर्षे माझ्या तळघरात असल्यामुळे त्याची सोय मलाच लावली पाहिजे. सविस्तर हकीकत येणेप्रमाणे.

सन १९९५ साली मल्हारच्या गिमनाझियुममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात, पालकसभा होती. संगीताच्या बाई, फ्राऊ हायड्रुन फ्लायडरर, यांना शाळेचा बँड काढायचा होता. गावच्या बंद पडलेल्या एका बँडचे सामान त्यांनी मिळवले होते: सहा छोटे ड्रम, अकरा बासऱ्या आणि हा ढोल. ढोलाला हात लावायला कोणी धजेना. मी सांगलीच्या मुलींच्या शाळेत चार वर्षे बँडचा ढोल वाजवला होता. माझे जर्मन तेव्हा बेताचेच, म्हणून बोलत बसले नाही. पदर खोचला, पट्टा गळ्यात घातला आणि दिला ठोका. खिडक्यांची तावदाने थरथरली. बाई ओरडल्या, "गेनाऊ!" म्हणजे अगदी अस्संच. त्या दिवसापासून त्या माझ्या हायड्रुन झाल्या आणि आम्ही दोघींनी मिळून बँड उभा केला.

त्याच नोव्हेंबरात सेंट मार्टिनची कंदिलांची मिरवणूक आली. धाकटी मुले कंदील घेऊन चालतात, पुढे बँड असतो आणि शेवटी सगळ्यांना ब्रेत्सेल, म्हणजे पीळ घातलेले गरम खारे पाव, मिळतात. चाली बसवल्या हायड्रुनने, चालवायचे मी. आता मला कोणी सांगितले होते की इथली मिरवणूक नुसती सरळ चालत जाते? माझ्या माहितीप्रमाणे चौक आला की मिरवणूक थांबते, लोक घराबाहेर येईपर्यंत वाजवते आणि मगच हलते. मी प्रत्येक चौकात "थांब!" अशी आरोळी ठोकली. कवायत मी मराठीतच शिकवली होती, त्यामुळे पोरे जागच्या जागी खिळली. अर्ध्या तासाची मिरवणूक सव्वादोन तास चालली! मेणबत्त्या विझल्या, ब्रेत्सेल गार झाले, मागे तीन बस अडकल्या आणि बरोबरचा पोलीस फक्त रडायचा राहिला. पण दुसऱ्या चौकात एक आजीबाई घरातल्या सपातांवर खाली आल्या आणि त्या पोलिसालाच धरून नाचल्या. हायड्रुन कपाळाला हात लावून हसत होती.

पुढच्या वर्षी शाळेत पत्रे आली, की आमच्याही कोपऱ्यावर थांबा. रीतसर अर्ज झाला आणि परवानगीच्या कागदावर तीन थांबे मिनिटांसकट छापून आले. थांबायचीसुद्धा वेळ ठरवून देणारा हा देश मला त्या दिवशी फार आवडला. अठरा जणांचा बँड साठ जणांचा झाला. त्यातली जुनी पोरे आता आईबाप झाली आहेत आणि रस्त्यात आपल्या मुलांवर मराठीत "थांब!" म्हणून ओरडतात.

तिसरा थांबा वृद्धाश्रमासमोरच्या चौकात. २०१४ साली आमचे हे, श्यामकांत, तिथे होते. मिरवणुकीच्या दिवशी शाल गुंडाळून दुपारपासून खिडकीत बसले होते. पाऊस नुसता झोडपत होता. चौक आला, मी आरोळी देणार तोच हायड्रुनने हात वर केला आणि बँड तसाच वाजवत पुढे नेला. मी एकटी रस्त्यात उभी राहिले. मग ढोल गळ्यात तसाच घेऊन ह्यांच्या खोलीत गेले. त्यानंतर तालमीला पाऊल टाकले नाही. जानेवारीत हे गेले. हायड्रुन भेटायला आली होती, मी दार उघडले नाही.

आता जे अकरा वर्षांत कोणाला बोलले नाही ते कायदेशीरपणे लिहिते. बासरीवाल्या पोरींची बोटे थंडीने निळी पडली होती, आणि ते मी पाहिले होते. ह्यांच्या खोलीत गेले तेव्हा हे म्हणाले, "अगं, झकास वाजवलं पोरांनी! फक्त तुझा ढोल ऐकू आला नाही. तू का थांबलीस?" यावर मी ह्यांच्यावरच चिडले होते.

चूक माझी होती. दर शुक्रवारी पाच वाजता, तालमीच्या वेळेला, मला हायड्रुनची फार आठवण येते. सबब, सदर ढोल काठ्यांसह माझ्या पश्चात तिला द्यावा.

(हे कलम मी मोठ्याने वाचून दाखवले. उर्जा म्हणाली, "आज्जी, रुफ सी डॉख आइनफाख आन!" म्हणजे सरळ फोन करून टाक की. मी म्हटले, मृत्युपत्र चालू असताना फोन करत नाहीत. तू खालच्या शेजाऱ्यांना साक्षीला बोलाव.)

कलम ४. बँडची पितळी शिट्टी उर्जाला. ती ड्रेस्डेनला शिकते, सुट्टीला आली आहे. तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये. बाराखडी मी स्वतः शिकवली, पण तिच्या हातचे एक अक्षर आजवर पाहिले नाही. अट अशी की शिट्टी तिने मराठीत मागावी, आणि तीही लेखी.

कलम ५. माझ्या अंत्ययात्रेला शाळेचा बँड लावावा. रडकी चाल नको. तिन्ही चौकांत थांबावे. मला घाई नसेल.

लिहून ठेवणार: कुसुम श्यामकांत खांबेटे
स्थळ: बॉबलिंगेन, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५, रविवार

साक्षीदार पहिली: उर्जा मल्हार खांबेटे
आज्जीने शेजाऱ्यांना बोलाव सांगितलं. मी फ्राऊ फ्लायडररना बोलावलं. त्यांना सगळं जर्मनमध्ये सांगितलं. कलम तीन दोन वेळा. शिट्टी मला पाहिजे. आत्ता पाहिजे, नंतर नको.

साक्षीदार दुसरी: हायड्रुन फ्लायडरर (त्यांनी सांगितलं, मी मराठीत लिहिलं. उर्जा.)
ढोल शाळेचा आहे, तो मला मृत्युपत्राने घेता येत नाही. अकरा वर्षं मी शाळेच्या सामानाच्या यादीत त्याच्यापुढे "दुरुस्तीला दिला आहे" असं लिहिते. आज पाहिला, दुरुस्ती झालेली दिसते. शुक्रवारी पाचला तालीम आहे. माझी पाठ दुखते, म्हणून ज्या बाईने नेला तिनेच उचलून आणावा. मिरवणूक त्यापुढच्या मंगळवारी. तिसरा थांबा कागदावर आहे, सहा वाजून पाच मिनिटं, वृद्धाश्रमासमोर. तिथे मी ओरडणार नाही. ते काम कुसुमचं आहे.