समासातलं साल

८ सप्टेंबर १९८७, मंगळवार

छापखान्यानं देवाचे शब्द गाळले!

आईचं बायबल आता हातात धरवत नाही, पहिल्याच पुस्तकाची, उत्पत्तीची, पानं सुटून पडतात. म्हणून मोठ्या अक्षरांचं नवं आणलं. आज रविवारच्या धड्याच्या तयारीला बसले. पहिलं पान, पहिलं वचन — आणि शेजारी साल नाही! ख्रिस्तापूर्वी ४००४, देवानं जग निर्माण केलं ते साल. आईच्या बायबलात आहे, आजीच्यात होतं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाही म्हणजे नाही. उद्या दुकानात परत नेणार. सोडते की काय!

ऑर्व्हलला दाखवलं. "हं," म्हणाला आणि हात धुवायला गेला. नवरा आहे की खांब!

९ सप्टेंबर

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काउंटरवर दोन्ही बायबलं उघडी टाकली आणि चांगला आवाज चढवला. "बघा, यांनी साल खाल्लं!" दुकानातल्या बाई माझ्याहून वयस्कर. त्यांनी आईच्या बायबलावर हळूच बोट ठेवलं. "अहो, ते वचनात नाही. समासात आहे. पूर्वी कुणा विद्वानानं बेरीज केली, छापणाऱ्यांनी शेजारी घातली. आता बरेच जण घालत नाहीत." मागे दोघी उभ्या होत्या. एक हसली.

गाडीत बसून आईचं पान नाकाजवळ धरून पाहिलं. खरंच, मध्ये रेघ आहे. रेघेच्या आत देव, बाहेर छापखाना. लहानपणापासून बघतेय, आणि रेघ कधी दिसली नाही!

रविवारच्या शाळेत सव्वीस वर्षं मी मुलांकडून ते साल वचनासारखं म्हणवून घेतलंय. कापडी चित्रं चिकटवायच्या फेल्टच्या फळ्यावर सगळ्यांत वर ते चार आकडे. मीच कापलेले, निळे.

१३ सप्टेंबर, रविवार

आकडे काढले. मुलांना सरळ सांगितलं — हे शास्त्रात नाही, बाईंची चूक झाली. जग घडवल्याचे सहा दिवस आहेत. संध्याकाळ, सकाळ, दिवस. ते लिहिलंय, ते राहील. त्यात मला कधी शंका आली नाही, आजही नाही.

"मग पृथ्वी किती जुनी?" टॅन्सीनं विचारलं. नऊ वर्षांची आहे, वकील होणार.

"लिहिलेलं नाही," म्हटलं.

१५ सप्टेंबर

झालं! टॅन्सीच्या आईनं ब्रदर हॅस्केलना फोन केला. वर्नाबाई मुलांना काय शिकवतायत म्हणून.

ब्रदर हॅस्केल घरी आले. तरुण पाळक, मनानं वाईट नाही. केळ्याचं पुडिंग दोनदा घेतलं आणि मग खिशातून कागद काढला. नवा ठराव. प्रत्येक शिक्षकानं आणि डीकननं, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यानं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर सही करायची. चोवीस तासांचे सहा दिवस. आणि खाली — 'पृथ्वीचं वय सुमारे सहा हजार वर्षं, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे.'

"कुठे सांगितलंय? वचन दाखवा," मी म्हटलं.

"सिस्टर वर्ना, आदामापासून वंशावळी आहेत. बेरीज केली की येतं."

"बेरीज कोण करतं? देव की तुम्ही?"

ते हसले. मला हसू आलं नाही.

ऑर्व्हल दारात उभा होता, बोअर मारून आलेला, बुटांवर पांढरा चिखल. आत आला नाही. डीकन हो म्हणून त्याला तीनदा विचारलं चर्चनं, तीनदा नाही म्हणाला. लाजाळू माणूस.

१८ सप्टेंबर

बेरीज केली. दोन दिवस, पेन्सिलीनं. बाप इतक्या वर्षांचा असताना मुलगा, तो इतक्यांचा असताना त्याचा. येतं तसंच काहीतरी. पण पेन्सिल माझ्या हातात होती! देवाला आकडा सांगायचा असता तर सांगता आला नसता? नोहाच्या तारवाची लांबी-रुंदी सांगितली, दार बाजूला ठेवायचं ते सांगितलं. हे नाही सांगितलं. त्यानं नाही सांगितलं ते मी त्याच्या तोंडी घालू?

जे लिहिलंय तेच धरायचं, हे मला याच चर्चनं शिकवलं.

२१ सप्टेंबर

इमोजीन आली. चर्चचा पियानो वाजवते, शाळेपासूनची मैत्रीण. "अगं, एक सही! कर आणि मोकळी हो. तो वर्ग गेला तर तू करशील काय?"

तेच तर! मूलबाळ झालं नाही आम्हाला. रविवारी अकरा तोंडं माझ्याकडे बघतात. निम्म्यांच्या आयाही माझ्याच फळ्यासमोर बसलेल्या. तो वर्ग गेला तर मी नुसती म्हातारी.

इमोजीन गेल्यावर रडले. मक्याचा पाव करपला. ऑर्व्हलनं न बोलता खाल्ला.

२६ सप्टेंबर

ऑर्व्हलचा डबा द्यायला बोअरच्या जागेवर गेले. दर दहा फुटांना वर आलेला चुरा तो जमिनीवर ओळीनं मांडतो. एकेक ढीग, जेवढं खोल तेवढी ओळ लांब. पांढरा, करडा, निळसर, परत पांढरा. काही ढिगांत ते दगडी मणी — कुठल्याशा समुद्री जिवाचे. इथे, टेनेसीच्या डोंगरात! मी दरवर्षी तेच मणी वर्गात दाखवते, जलप्रलयात वाहून आले म्हणून. बरणी भरून तोच आणून देतो.

आज त्या ओळीच्या कडेनं चालत गेले. छत्तीस ढीग. एक्केचाळीस वर्षं संसार केला, पण पृथ्वीच्या वयाचं तुला काय वाटतं असं त्याला कधी विचारलं नाही. आजही तोंडाशी आलं आणि गिळलं. तो भलतंच काही म्हणाला तर? मेल्यावर मी स्वर्गात, आणि हा दुसरीकडे? नको बाई.

"बीन्स गरम आहेत," एवढंच म्हटलं.

३ ऑक्टोबर

उद्या सही. काही सुचत नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

समोरच्या टेबलावर कागद, पेन बांधलेलं. एकेक जण उठला. इमोजीन हळू हळू वाजवत होती. माझी पाळी आली. सगळं पुन्हा वाचलं. सहा हजारांच्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली सही केली — वर्ना स्टिडहॅम, स्वच्छ अक्षरात.

ब्रदर हॅस्केलचा चेहरा उतरला. "सिस्टर, सगळं किंवा काहीच नाही."

"जेवढं देवानं म्हटलं तेवढ्यावर सही आहे. बाकीची तुमची तुम्ही करा."

कुणी 'आमेन' म्हणालं नाही. वर्गाच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. वर्गात जाऊन फळा बघितला. तो चर्चचा, राहू दे. पण सूर्य माझ्या पिवळ्या कोटाच्या अस्तराचा आहे, तो काढून आणला. देवानं सूर्य केला तो चौथा दिवस काढू देत आता अंधारात!

सगळ्यांत राग ऑर्व्हलचा. शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर. सगळे माझ्याकडे वळून बघत होते, आणि हा एक शब्द बोलला नाही! घरी येईपर्यंत नाही. जेवताना नाही. परक्याच्या बायकोसाठीसुद्धा माणूस निदान उभा राहतो. मी भांडी आपटली, तर ती पुसून ठेवली मुकाट्यानं.

५ ऑक्टोबर, सोमवार

ऑर्व्हल आज कामावर गेला नाही. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून त्यावर बोअरच्या चुऱ्याचे छत्तीस ढीग मांडले, चिमूट चिमूट, ओळीनं. मग टोपी काढली.

"सव्वीस वर्षं गप्प बसलो, वर्ना. मी बोललो असतो तर तुझा वर्ग गेला असता. आता गेलाच आहे," म्हणाला. "बोलू?"

मी दोन कप कॉफी ओतली आणि त्याच्या समोर बसले.