हवा नगण्य मानून

प्रिय रागना मावशीस,
सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मी बरी आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

शनिवारी बाबांना निरोप दिला. तो निरोप फार लवकर जमिनीवर आला. त्यांची इच्छा तुला माहीत आहे: आईची राख जिथे सोडली, त्या बेटापलीकडच्या पाण्यातच आपलीही जावी, पण होडीतून नाही (त्यांना होडी लागायची), टेकडीवरच्या सलामीच्या तोफेतून. परवानगीही तेवढ्याच पाण्याची मिळाली होती. गणित त्यांनी स्वतः मांडून ठेवलं होतं. राख भरलेला बर्चच्या लाकडाचा गोळा, कोन पंचेचाळीस अंश, अंतर दोन किलोमीटरच्या वर. खाली, छत्तीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहिलेलं वाक्य: 'हवेचा विरोध नगण्य मानू.' मी त्यांचीच विद्यार्थिनी, शंका कुठून घेणार?

तोफवाल्या सिवर्टकाकांनी बत्ती दिली. गोळा सुसाट तिरका वर गेला आणि मग, मावशी, हवेतच त्याचा जीव गेला. (शब्द चुकला, क्षमा कर.) लोखंडाचा असता तर रेटून पुढे गेला असता. लाकूड हलकं, त्याला हवेने सहज अडवलं. पुढे जाणंच खुंटलं आणि तो जवळजवळ सरळ खाली आला, तीनशे मीटरच्या आत, शेजारच्या गुडवेगबाईंच्या टोमॅटोच्या काचघरात. पाद्रीबुवांची प्रार्थना अजून निम्मीही झाली नव्हती. मी तोंडावर हात धरून उभी. सिवर्टकाका म्हणाले, "हवा नगण्य म्हणे! मग मास्तर जन्मभर नाकाने ओढत काय होते?"

आत कुणी नव्हतं, गोळाही शाबूत होता. मी माफी मागून तो आणायला गेले, तर गुडवेगबाई त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या, एप्रनने टोमॅटो पुसावा तशा पुसत.

"वीस वर्षं कुंपणावरून म्हणायचा, येतो एकदा कॉफीला. आज आला. तू जा गं आता."

वीस वर्षं! (आईला जाऊन सहाच झाली.) मी गेले. रिकाम्या हातांनी.

तुझी भाची,
तोरून

ता. क. खरं काम हे: रविवारी तुझी होडी हवी. बाबांना आईजवळ पोचवायलाच हवं.

ता. क. गोळा गुडवेगबाई माझ्या हाती देत नाहीत. होडीत स्वतः घेऊन येणार आहेत. तिथे पोचल्यावर आईला काय सांगायचं ते तू बघ, तू तिची बहीण आहेस.