चालत्या मशीनला तेल

प्रिय बाबा,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला तुम्ही फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. आधी एक सांगा, दुकानाचा जिना चढताना अजून धाप लागते का? खरं सांगा हं. आणि आता माझी बातमी ऐका. आज आमच्या प्रयोगशाळेत जे झालं त्याने मी इतकी हवेत आहे की दुपारचा डबा तसाच राहिलाय.

मी हृदयाच्या पेशी वाढवते हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या भाषेत, बशीत काहीतरी भिजत घालते. त्या पेशी काचेच्या बशीत आपल्या आपण धडधडतात, सगळ्या एका तालात. पण मधुमेह्याच्या रक्तात असते तेवढी साखर त्यांना दिली की हळूहळू ताल बिघडतो. एखादी मागे राहते, एखादी उगाच घाई करते. तुमच्याकडे दुरुस्तीला आलेलं शिलाई मशीन टाके सोडतं ना, अगदी तसं. या वेळी काही बशांत साखरेबरोबर आम्ही मधुमेहावरचं एक औषधही घातलं होतं. सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बाबा, तिथला ताल जवळजवळ शाबूत होता! गंमत म्हणजे बशीतली साखर जराही उतरली नव्हती. औषध थेट पेशींनाच सांभाळत होतं. मला वाटलं, मी बशांची अदलाबदल केली. सगळं पुन्हा तपासलं. बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, असं आमच्या विभागप्रमुख बाई उठताबसता बजावतात, आणि ते खरंच आहे. पण आज त्याही पुन्हा पुन्हा येऊन बघून गेल्या, आणि जाताना स्वारी चक्क गुणगुणत होती.

तेव्हा मला आपलं दुकान आठवलं. मी काउंटरखाली बसून चुंबकाने टाचण्या गोळा करायचे आणि वर तुमचा पारा चढलेला असायचा. मशीन छान चालतंय, तेल कशाला, असं एखाद्या शिंप्याने म्हणायचा अवकाश, की तुम्ही त्याला फैलावर घ्यायचात, “टाका सरळ येतोय म्हणून आतलं झिजत नाही असं कोणी सांगितलं?” तेल घातल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जाऊच द्यायचा नाहीत. गिऱ्हाईकं कुरकुरायची आणि पुन्हा तुमच्याकडेच यायची.

आईने मला सगळं सांगितलंय. साखर आटोक्यात आली म्हणून तुम्ही गोळी परस्पर बंद केलीत आणि पाकीट सुयांच्या डब्यात दडवलंत. जिन्यात मध्येच थांबता आणि कठडा हलतोय का ते बघण्याचं नाटक करता. डॉक्टरांनी ती गोळी साखरेइतकीच हृदयासाठी दिली होती, बाबा. मी आईला पाकिटावरचं नाव वाचायला लावलं. आमच्या बशीत आहे ते हेच औषध. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे वाचलंत की लगेच डॉक्टरांना भेटा आणि ती पुन्हा सुरू करा. दुकान बंद करताना मशीनला तेल घालता, तेव्हाच गोळीही घ्या आणि मला फोन लावा. बोलू नका हवं तर. नुसतं मशीन चालवा, मी ऐकेन.

तुमचीच,
टाचणी