ताटाशिवायची प्रार्थना

प्रिय आई,

प्रभूमध्ये सलाम. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी मला इथल्या दवाखान्यात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला धाडलंय. देवाचं पाचारण आहे असं तुझ्यापुढे म्हणणं सोपं होतं. काल पहिल्याच खाटेपाशी माझी बोबडी वळली. तिथल्या आजोबांनी जेवण सोडलं होतं. मी डोळे मिटले आणि तोंडून तुझी जेवणाआधीची प्रार्थनाच निघाली, "या ताटातल्या अन्नाबद्दल तुझे आभार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबा "आमेन" म्हणाले. मग म्हणाले, "ताट कुठंय?"

मीच त्यांना भरवलं.

आज दुसरी खाट. तुझे गुडघे दुखत असतील, तर माझ्यासाठीची प्रार्थना बसूनच कर. देव चालवून घेतो, मला काल कळलं.

तुझा भित्रा
धाकटा