जनुकांचे जन

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. अमरावती.
आजपासून रोजनिशी. थोरांच्या रोजनिश्या पुढे छापल्या जातात. आपली छापू द्यायची नाही, हे आत्ताच ठरवून टाकलं.
मोठा निर्णय: प्रियदर्शनीला लग्नाचं विचारायचं. एम.एस्सी.ला एका वर्गात होतो, आता ती अकोल्याला बँकेत आहे आणि मी इथे बारावीला बायोलॉजी शिकवतो, तासिका तत्त्वावर. चार वर्षं झाली. योग्य क्षण सापडत नाही एवढंच.
रूम पार्टनर स्वप्निल म्हणाला, "लेका, फोन उचल अन् इचारून टाक." हा नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. बटण दाबलं की सगळं सुरू होतं असं त्याला वाटतं. साधी पेशीसुद्धा असं करत नाही. आधी सिग्नल लागतो.

रविवार, ९ नोव्हेंबर.
सिग्नल आला! प्रियदर्शनीचे वडील देवमनकाका (वीज मंडळातून रिटायर) यांचा स्वतः फोन. त्यांच्या वाचनालयात २६ तारखेला, संविधान दिनी, व्याख्यान. म्हणाले, "पोरगी म्हने, सरांले काई बोलाचं आहे. मंग या अन् बोला."
विषय विचारला. तयार लेक्चर माझ्याकडे एकच आहे: जनुकांच्या अभिव्यक्तीचे नियंत्रण. काका एकदम खूश. "अभिव्यक्ती! हेच पाह्यजे. आजकाल तोंड उघडाची सोय नाई राह्यली."
वीज मंडळातल्या माणसाला जीवशास्त्राची इतकी तळमळ! सासरा म्हणून उत्तम.
योजना: व्याख्यान, मग चहा, चहावर मागणी.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
कार्यक्रमाचं कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. 'जनांच्या अभिव्यक्तीचे नियंत्रण.' जनुकांचे जन झालेत. किरकोळ.
प्रियदर्शनीचा फोन. लोक भलतंच ऐकायला येतील, बाबांना आजच सांग, म्हणाली. मी म्हटलं, एका अक्षराने काय होतंय? तर म्हणे, "डीएनएतलं एक अक्षर उडालं तर काय होते, हे तूच पोराईले शिकवतो ना?" विनोदबुद्धी चांगली आहे.
फोन ठेवताना जरा थांबली. अजून काही बोलायचं आहे का, असं विचारलं. मी विचारलं, लेझर पॉइंटर तिथे मिळेल की इथून आणू?

सोमवार, १७.
काकांना फोन राहिला.

बुधवार, १९.
राहिला. पेपर तपासणी. शिवाय चूक माझी नाही, कार्ड करणाऱ्याची आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.
स्वप्निलसमोर रंगीत तालीम. सोपं करून सांगितलं: तुझ्या प्रत्येक पेशीत तोच सगळा ग्रंथ आहे. डोळ्याच्या पेशीतही इन्सुलिनचं पान आहे, पण ती ते उघडत नाही. कोणतं पान कधी उघडायचं हे ठरवणारी प्रथिनं असतात. जीवाणूत त्यातलं एक दमनक. ते जनुकाच्या तोंडाशीच ठाण मांडतं, त्यामुळे नक्कल काढणारं एन्झाइम पुढे सरकूच शकत नाही. दुधातली साखर पेशीत आली की ती दमनकाला जाऊन चिकटते. ते उठतं आणि जनुकाला कंठ फुटतो. आपल्या भागाचा विकासही तसाच, मी म्हटलं: जनुक मंजूर, अभिव्यक्ती प्रलंबित.
स्वप्निल म्हणाला, "म्हंजे तुह्या तोंडावर बी तोच बसून राह्यला. उद्या पेढा खाऊन जाय बे."
विषय अर्धवट समजला त्याला.

बुधवार, २६ नोव्हेंबर. परतीच्या एसटीत.
हॉल भरलेला. उद्देशिका वाचून झाली आणि मी उभा राहिलो. म्हटलं, "आपल्यात वीसेक हजार आहेत, पण कुठेही जा, त्यातल्या पुष्कळांना गप्प बसवलेलं असतं." टाळ्या. "दमनक दारातच बसलाय, नक्कलसुद्धा काढू देत नाही." टाळ्या. "काहींवर तर मिथाइलचे शिक्के मारतात. मग जन्मभर तोंड उघडायचं नाही." मागून 'शेम, शेम' आलं. बारावीच्या वर्गात मिथाइल चिकटून बंद पडलेल्या जनुकांसाठी कुणी कधी हळहळलं नव्हतं. भरून आलं.
मग म्हटलं, "आणि मित्रहो, हे दमन अत्यंत आवश्यक आहे."
एकदम शांतता. म्हणजे एकाग्रता. मी पुढे गेलो: सगळ्यांनाच बोलू दिलं तर कॅन्सर होतो.
पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या, नाव पार्वताबाई. "काहून हो मास्तर, संविधान दिनाले येऊन तुमी आमालेच गप बसा म्हनून राह्यले का?" मी शांतपणे सांगितलं की हे माझं मत नाही, निसर्गाचं धोरण आहे. खुर्च्या सरकल्या. देवमनकाका उभे राहिले.
तेवढ्यात प्रियदर्शनीने येऊन माईक घेतला. सर जनुकांबद्दल बोलतायत, कार्डावर अक्षर उडालं, असं सांगितलं. हॉल हसत सुटला. सर्वांत जास्त पार्वताबाई. "जनुकं व्हय! मले वाटलं, आपनच!"
मी ते योग्य वेळी सांगणारच होतो.
नंतर काकांच्या घरी चहा. आम्ही तिघंच. काका म्हणाले, "भाषन झालं, मास्तर. आता जे बोलाचं होतं, ते बोला." प्रियदर्शनी दाराशी उभी होती. मी म्हटलं, वेळेअभावी दोन स्लाइड राहिल्या, त्या पाठवून देतो. प्रियदर्शनीने कप उचलले. माझा अजून अर्धा भरलेला होता.
एकंदर यशस्वी. पाया रचला गेला.

गुरुवार, २७.
काकांना स्लाइड पाठवल्या. निळी खूण दिसते. उत्तर नाही. अभ्यास करत असतील.

रविवार, १४ डिसेंबर.
योग्य क्षण ठरला: आज. मुद्दे काढले, घसा साफ केला, फोन लावला.
आधी तीच बोलली. अचलपूरचा मुलगा मागच्या रविवारी घरी आला होता. पोहे संपायच्या आत त्याने सरळ तिलाच विचारलं. तिने होकार दिला, २८ तारखेला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मग म्हणाली, "बाबांनी तुले व्याख्यानासाठी नव्हतं बोलावलं, ललित. चार वर्षं मी वाट पाह्यली. त्या दिवशी त्यांनी बी पाह्यली."
मी म्हटलं, अभिनंदन. अगदी स्पष्ट उच्चारात म्हटलं.
स्वप्निलने गिला वडा आणला. काही बोलला नाही. त्याला हे जमतं, माहीत नव्हतं.
साक्षगंधाला जायचं. तिथे मनातलं एकदा नीट मांडायचं. उशीर वगैरे काही नसतो. दहा मिनिटं पुरतील. मुद्दे आजच काढले.

संध्याकाळी.
साक्षगंधाच्या पत्रिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. खाली काकांनी पेनाने लिहिलंय: "मास्तर, जेवाले नक्की या. माईक भेटनार नाई."