नक्शा सुलटा, घर उलटे

बालाघाट, रविवार

आदरणीय शालिकरामभाऊ,

कमरेपर्यंत वाकून नमस्कार (त्याखाली वाकणे डॉक्टरांनी बंद केले आहे, उरलेला पोचला असे समजावे). तिकडे हट्टा गावी आपली प्रकृती ठीक असेल, दुर्गावहिनींचा गुडघा वळणावर आला असेल आणि मलाजखंडच्या खाणीत सर्व्हेची नोकरी करताना आपण हौसेने घेतलेले ते होकायंत्र अजून खिशात असेल, अशी आशा करतो. होकायंत्राची चौकशी कशाला, ते पुढे येईलच. इकडे सर्व क्षेम आहे. फक्त आपली बहीण माझ्याशी बोलत नाही.

कारण घर. आपणास ठाऊकच आहे की मी सिंचन विभागात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, असून येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतो, आणि मग हे सरकारी क्वार्टर सोडावे लागेल. लग्न झाल्यापासून प्रेमलताने बदली होईल तसे एकेक क्वार्टर लावले, सारवले, पुसले आणि सोडले. त्यातल्या एकाही भिंतीला तिने खिळा ठोकलेला नाही. मी ठोकू दिला नाही असे ती म्हणते. परवानगी आली नाही, हे जास्त बरोबर होईल. वारासिवनीला असताना मी खिळ्यासाठी रीतसर अर्ज केला होता (खिळ्याची लांबी, भिंत कोणती आणि टांगावयाची वस्तू, या तपशिलासह). त्याचे उत्तर अजून यायचे आहे. टांगावयाची वस्तू म्हणजे आपल्या आईवडिलांचा फोटो. तो तेव्हापासून पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आहे. आता आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे घर घ्यायचे ठरले, तेव्हा तिने खोल्या किती, पाणी कसे, काही विचारले नाही. "भिंत पक्की हाये ना?" एवढेच विचारले. मला भरून आले, भाऊ. ही भिंत कायद्यानेही पक्की असलीच पाहिजे, असे मी तिथल्या तिथे ठरवून टाकले.

वारासिवनी रस्त्याला एका नव्या कॉलनीत तेजराम नावाच्या राईस मिलवाल्याने मुलासाठी बांधलेले घर विकायला आहे (मुलगा रायपूरलाच रमला). तेजराम माणूस दिलदार. कागद मागितला की चहा मागवतो. "नक्शा पास हाये बाबूजी, टेन्शन काहून घेता?" मी म्हटले, टेन्शन घेत नाही, नक्कल घेतो. शेतीच्या जमिनीचे डायव्हर्शन झाले आहे, म्हणजे तिथे घर बांधायला सरकारची ना नाही, हे मी तहसिलीत जाऊन पाहिले. कॉलनी मंजूर आहे, हे पाहिले. (दोन्ही ठिकाणी माझ्याकडे लोकांनी असे पाहिले, जणू लग्नाच्या पंगतीत मी भाताचे वजन मागत होतो.) शेवटी पास झालेल्या नक्शाची नक्कल, टेप आणि प्रेमलता, असे तिघांना घेऊन मी घरावर गेलो.

त्या नक्शात ते घर नव्हते. नक्शात जिथे स्वयंपाकघर, तिथे प्रत्यक्षात संडास. आणि जिथे संडास, तिथे छान ओटा, वर खिडकी. म्हणजे सरकारच्या लेखी आपली बहीण उद्यापासून संडासात भाकरी थापणार. मी टेप लावून दमलो. मग काय सुचले कोण जाणे, प्रेमलताच्या पर्समधला आरसा काढून नक्शाशेजारी धरला. आरशात जे दिसले ते तंतोतंत हेच घर होते. आरशातल्या नक्शाला मंजुरी देण्याची काही तरतूद आहे काय, हे मी नगरपालिकेत विचारूनही आलो. नाही.

तेजरामला त्यात वावगे काही वाटत नव्हते. "पाया खोदाच्या टायमाले वास्तूच्या एका लय मोठ्या जाणकारानं सांगतलं, का दरवाजा पश्चिमेले होऊन राह्यला, घर पलटवा. तं पलटवलं." मी विचारले, आणि परवानगी? "नक्शा तं पास होताच ना! खोल्या तेवढ्याच हायेत, बाबूजी. गिन लो."

नगरपालिकेतले इंजिनिअर भले गृहस्थ निघाले. त्यांनी समजावले की घर पलटले तेव्हा जिनाही पलटला, आणि शेजाऱ्याकडे जी पट्टी मोकळी सोडायची तिच्यात जाऊन बसला. तो पाडावा, आत बांधावा, सुधारित नक्शा पास करून घ्यावा आणि मगच घर घ्यावे. नाहीतर जिन्यासोबत नोटीसही तुमच्याच नावाने येईल. मी तेजरामला सांगितले, नवा नक्शा पास झाल्याशिवाय रजिस्ट्री नाही. त्याने आनंदाने हौ म्हटले आणि चहा मागवला.

इथवर सगळे नियमाने चालले होते. पण आत जिना बसेल अशी जागा एकाच कोपऱ्यात आहे, आणि त्या जाणकाराच्या मते तो कोपरा ईशान्य. देवाची जागा. "देवाच्या डोक्शावर चप्पल घालून चढाचं काय?" असे प्रेमलताने विचारले, ते तिचे माझ्याशी शेवटचे वाक्य म्हणायला हरकत नाही. नंतर एकदाच बोलली. संध्याकाळी आम्ही त्या तथाकथित पूर्वेच्या दारात उभे होतो आणि समोर सूर्य मावळत होता. मी तिला तो बोटाने दाखवला. ती म्हणाली, "थंडीत सूर्य थोडा सरकते." तेव्हापासून माझे ताट येते, पण ठेवण्याचा आवाज मोठा असतो.

जिना हलला नाही तर नक्शा पास होत नाही. नक्शा पास झाल्याशिवाय घर घेणे माझ्या स्वभावात बसत नाही. मग उन्हाळ्यात भाड्याचे घर, तिथे पुन्हा मालकाची भिंत आणि पुन्हा खिळ्याचा अर्ज. तिला तसे पेटीसकट दुसऱ्याच्या घरात नेणे माझ्याने होणार नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

असो. वडीलधाऱ्यांपुढे रडगाणे लांबले, क्षमा असावी. वहिनींना गुडघा जपायला सांगावे.

आपला नम्र,
गुणाकर

ता. क. तेजरामला त्या जाणकाराचे नाव आठवत नाही. दोन वर्षांमागे एक वरात त्याच प्लॉटसमोर नाचायला थांबली होती. तेव्हा एका फेटेवाल्या गृहस्थांनी डीजेच्या गाडीवरच्या भोंग्याला टेकून खिशातून होकायंत्र काढले, असे तो सांगतो. नवरदेवाचे वडील असावेत, असा त्याचा अंदाज आहे. नवरदेवाचे नाव मात्र त्याला आठवते. राहुल. आपल्या चिरंजीवांचेही तेच आहे.

ता. क. आणखी एक. भोंग्यात मोठे लोहचुंबक असते. त्याच्याजवळ सुई उत्तर दाखवत नाही, भोंगा दाखवते. आपली चूक झाली असे मी म्हणत नाही. पण समजा सुई त्या दिवशी उलटी फिरली असेल, तर आपण ठरवलेली ईशान्य ही खरी नैर्ऋत्य निघते, आणि नैर्ऋत्येला जिना आपणच सगळ्यांना सांगत असता. प्रेमलता माझे ऐकत नाही, सूर्याचे ऐकत नाही, आपले ऐकते. म्हणून येत्या रविवारी होकायंत्र घेऊन यावे आणि भोंगा नसताना एकदा तिच्यासमोर लावावे, ही विनंती. पत्र एवढ्यासाठीच लिहिले.

ता. क. भाऊ, मी प्रेमलता. हे पत्र टाकाले माह्याजवळ देल्लं, तं मी वाचलं. मले सूर्य दिसते. घर उलटं हाये हे पहिल्याच दिवशी समजलं. भोंग्याले टेकून तू उभा होता, तेव्हा मी तिथंच होती. पण तेजरामसमोर माह्या भावाले चुकला म्हणू काय? ह्यायले सांगतलं असतं तं ह्यायनं अर्ज केला असता. जिना पाडा म्हणून मी कालच तेजरामले फोन केला. तू रविवारी येजो, पण होकायंत्र राहू दे. हातोडा आण. ह्यायच्याजवळचा सरकारी हाये, ते देत नाही. नक्शा पास झाला का आईबाबाचा फोटो तूच टांगजो. दिशा मी सांगीन.